तळमजल्यावरचं घड्याळ

"मला काय करायचंय म्हणा!" असं म्हणून काकू डावं मनगट उताणं करायच्या. घड्याळाची तबकडी त्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, डॉक्टर नाडी बघतात तिथे. मनगट वळलं, की समजायचं, कुणाची तरी घटका भरली. "मला काय करायचंय म्हणा, पण तुमचा दूधवाला आज सात मिनिटं उशिरा आला." "मला काय करायचंय म्हणा, पण दुसऱ्या मजल्यावरचे साहेब सकाळी टोपी घालून गेले आणि दुपारी काळे केस घेऊन आले."

अशी एक बाई प्रत्येक सोसायटीत असते, तुमच्याही असेल. पण तुमची बाई ही साधी दुर्बीण असेल. आमच्या काकू म्हणजे उपग्रह होत्या. कोथरूडातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर, फाटकाला लागूनच त्यांची गॅलरी. पहाटे साडेपाचला त्या चहाचा कप घेऊन ग्रिलमागे बसत, त्या थेट दुपारच्या झोपेपर्यंत. सोसायटीने फाटकावर कॅमेरा बसवायचा ठरवला, तेव्हा कॅमेरेवाला आला, काकूंशी पाच मिनिटं बोलला आणि "इथे गरज नाही" असं सांगून शिडी घेऊन परत गेला. तुम्ही म्हणाल, ही वाढवून सांगतेय. वाढवतेच आहे. मी नागपूरची. आमच्याकडे 'खूप ऊन होतं' एवढ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, गच्चीवर डोसे भाजले असं सांगावं लागतं. पण ती पाच मिनिटं खरी आहेत.

मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि पळते. चोर मागे लागल्यासारखी नाही, हौसेने. घरापासून टेकडीपर्यंत, वर एक फेरा आणि परत, सहा किलोमीटर. मला हे अंतर एकेचाळीस मिनिटांत जमतं, हे मला माझ्या मनगटावरच्या महागड्या पट्ट्याने नाही, काकूंनी सांगितलं. त्यांच्या गॅलरीतल्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असे. त्यातल्या तारखेच्या चौकटीत लोक दूध लिहितात, सिलिंडर लिहितात. काकू पेन्सिलीने माझी मिनिटं लिहायच्या.

"काकू, हे कशाला?"

"मला काय करायचंय म्हणा. तू पळतेस, मी लिहिते. तुझं काही अडतं का?"

अडत नव्हतं. पण सकाळी सकाळी, फुप्फुसं हातात घेऊन फाटकात शिरावं आणि कुणीतरी ग्रिलमागून "त्रेचाळीस!" असं म्हणावं, तेही गॅसवाल्याकडे पावती मागावी त्या सुरात, हे रोज सहन करून पाहा. एकदा मी एकोणचाळीसमध्ये आले. आता कौतुक होईल म्हणून उभी राहिले. काकू म्हणाल्या, "टेकडीवर पूर्ण गेली नसशील."

पुढे मला दिवस गेले.

डॉक्टरबाईंकडे गेले, तर त्यांना माझा पहिला प्रश्न पळण्याचा. त्यांनी सगळं तपासून सांगितलं, "इतकी वर्षं पळताय, सगळं ठीक आहे, तर पळा. पण शर्यत नको. पळताना बोलता आलं पाहिजे, इतपतच. उन्हात नाही, पाणी पिऊन, आणि पडायचं नाही. रक्त दिसलं, पोटात दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबायचं आणि इकडे यायचं." मी इतकी खूश झाले, की दवाखान्याच्या जिन्यावरूनच पळत सुटणार होते. नवऱ्याने ओढणी धरली.

मग आईला नागपूरला फोन केला. आई म्हणाली, "काहून पळून राहिली तू? कुत्रं लागलं का मागं?"

"आई, डॉक्टर पळा म्हणाल्या."

"त्यायले काय जाते म्हणाले? अन् ऐक, तीन महिने होईस्तोवर कोणालेच सांगू नको. भिंतीलेही नाही."

हा नियम तुम्हाला ठाऊक असेलच. पहिले तीन महिने तोंडातून अक्षर काढायचं नाही. आईने विहारात जाऊन फुलं वाहिली, पण तिथेही कारण सांगितलं नाही. म्हणजे ज्या तीन महिन्यांत माणसाला मळमळतं, रडू येतं, कांद्याच्या फोडणीने जीव नकोसा होतो, नेमक्या त्याच तीन महिन्यांत चेहरा असा ठेवायचा, की जणू आपण आयकराचं विवरणपत्र भरतोय. मी जन्मात कधी गुपित ठेवलेलं नव्हतं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे शाळेतल्या बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहून दिलं होतं. आता पोटात खरोखरच गोष्ट होती आणि बोलायची बंदी.

आणि बोलले असते तरी भीती एकच होती. ती नवऱ्यालाही सांगितली नव्हती. उद्या काही बरंवाईट झालं, तर कुणीही डॉक्टरबाईंना विचारायला जाणार नाही. सगळे म्हणतील, पळाली ना, म्हणून. सगळ्यांच्या आधी मीच म्हणेन.

तरी पळत होते. बोलता यावं इतपत, म्हणून टेकडीच्या चढावर स्वतःशी पाढे म्हणत होते. लोक वळून बघत. तेविसाच्या पाढ्याला नेहमी अडत होते, तेवढीच विश्रांती.

पहिल्या आठवड्यात काकूंनी पुकारलं, "सेहेचाळीस." दुसऱ्या आठवड्यात "एकोणपन्नास." एका सकाळी त्या काहीच बोलल्या नाहीत. मी फाटकात आले, त्यांच्या कपातल्या चहाचा वास आला आणि मी तोंड फिरवलं. मागून मनगट वळल्याची बांगडी वाजली. दुसऱ्या दिवशी ग्रिलमधून एक डबा बाहेर आला. राजगिऱ्याचे लाडू.

"हे काय?"

"मला काय करायचंय म्हणा. घरात संपत नाहीत. टेकडीवर जायच्या आधी एक खात जा."

त्या घरात एकट्या राहत होत्या. घरात न संपणारे लाडू एकटी बाई करते कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला तेव्हा एकच कळलं, की उपग्रहाने मला टिपलंय. आता गावभर होणार. मी लाडू खाल्ला आणि संतापले. दोन्ही एकदमच.

आणि झालंच. अकराव्या आठवड्यात एका सोमवारी मी खाली उतरले, तर पहिल्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याकडे बघून अशा हसल्या, की माझ्या पोटात दिवा लावलाय आणि तो बाहेरून दिसतोय. दुसऱ्या मजल्यावरचे काळ्या केसांचे साहेब म्हणाले, "पळणं वगैरे आता बंद असेल ना?" लिफ्टमध्ये मला पपईवर व्याख्यान मिळालं. संध्याकाळपर्यंत एकूण सात बायकांनी आणि दोन पुरुषांनी मला पळू नको म्हणून सांगितलं. त्यांतला एक पुरुष तर आमच्या सोसायटीतलाही नव्हता, कुणाकडे तरी पाहुणा आला होता!

मी तरातरा ग्रिलपाशी गेले. "काकू, तुम्हाला जरा दम नाही का निघत? तीन आठवडे थांबला असतात तर काय आकाश कोसळलं असतं? माझी गोष्ट आहे ना ती? माझी!" अजून बरंच बोलले. नागपुरी तोंड सुटलं, की त्याला पुण्यात उतार नाही. शेवटी "तुम्हाला काय करायचंय?" असंही म्हणाले, म्हणजे त्यांचंच वाक्य त्यांना फेकून मारलं.

काकूंनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या आणि पेन्सिलीचं टोक काढत बसल्या.

वर आले तर नवरा पलंगाच्या कडेला शाळेतल्या मुलासारखा बसलेला. "अगं, एक सांगायचं होतं."

या माणसाने, आमची दुचाकी लिफ्टजवळच्या जागेत लावू द्यावी, असा अर्ज सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला होता. मला कमी चालावं लागावं म्हणून. मी रोज सहा किलोमीटर पळते आणि मला वीस पावलं वाचावीत म्हणून! अर्जात कारण: कौटुंबिक. मुदत: पुढील साडेसहा महिन्यांसाठी.

"साडेसहा कशाला लिहिलंस?"

"अर्जात नेमकेपणा असावा ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून ग्रिलपाशी गेले. "काकू, काल मी..."

"मला काय करायचंय म्हणा," काकू म्हणाल्या. "पण मुदत 'साडेसहा महिने' लिहिल्यावर वजाबाकी करायला कोथरूडला माझी गरज आहे का?" आणि ग्रिलमधून डबा पुढे केला. "आज मंगळवार. तू अजून फाटकातच. निघ."

म्हणजे ज्या बाईला पहिल्यांदा कळलं, तिनेच काय ते तोंड मिटून ठेवलं होतं. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. भांडायलाही नीट जागा देत नाहीत अशी माणसं.

त्याच आठवड्यात तो दिवस आला. ढगाळ होतं म्हणून उशिरा निघाले होते, टेकडीवरून परतत होते. नव्वद टक्के चालत, दहा टक्के पळत. घरी येऊन बाथरूममध्ये गेले, तर रक्ताचा ठिपका. एकच. पण त्या वेळी तो मला ताटाएवढा दिसला, यात मी काहीही वाढवत नाही. नवरा हडपसरला ऑफिसात. हडपसरहून कोथरूडला त्या वेळी यायचं म्हणजे माणसाने जेवणाचा डबा बांधून निघावं. त्याला फोन केला, तो निघाला. मी पर्स घेऊन खाली आले आणि डॉक्टरबाईंना फोन लावेपर्यंत काकू फाटकात उभ्या. पायात चप्पल, खांद्याला पिशवी. त्यांना मी कधी ग्रिलच्या अलीकडे पाहिलंच नव्हतं. त्या माझ्या खांद्याइतक्याच होत्या.

"आत्ताच वर गेलीस आणि लगेच खाली. अंघोळीला तुला अकरा मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या. "चल."

त्यांनी रिक्षा थांबवली. पुण्यातला रिक्षावाला, पहिल्या हाताला थांबला, यावरूनच काकूंच्या हाताची कल्पना करा. बसताना त्याला म्हणाल्या, "खड्डे चुकवत घ्या. आत तिघं आहेत." त्याने आरशात बघितलं, दोघी मोजल्या, मग त्याला कळलं. पुढचा रस्ता त्याने रिक्षा अशी नेली, जशी लग्नात डोक्यावरून रुखवत नेतात.

मी सारखी एकच गोष्ट बोलत होते. "मी पळायला नको होतं. काकू, मी पळायला नको होतं."

काकू मनगटावरच्या तबकडीवर दुसऱ्या हाताचं बोट घट्ट दाबून बसल्या होत्या.

सोनोग्राफी झाली. ठोका होता. घोड्याच्या टापांसारखा, माझ्याहून जोरात पळत होतं ते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळ छान आहे. असा एखादा ठिपका बऱ्याच जणींना दिसतो. पळण्याने झालेलं नाही. काही दिवस पळणं थांबवा, चाला, मग बघू." मी बाहेर येऊन काकूंना सांगितलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडले, की बाकावरच्या गरोदर बायकांनी आपापल्या पर्स उचलून जवळ घेतल्या.

काकूंनी मला रडू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टरांना एक विचारशील?"

"काय?"

"सायकल चालवल्याने जातं का, ते."

मग त्या बोलल्या. माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत. त्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होत्या. लग्न नवं. कोथरूडहून खडकीला रोज सायकल. भोंगा झाला, की फाटक बंद. एक मिनिट उशीर म्हणजे उशीरच. दिवस गेले होते, दोन महिने. तिथेही तोच नियम, तीन महिने कुणाला सांगायचं नाही, म्हणून हलकं काम मागता आलं नाही, उशिरा येऊ का, विचारता आलं नाही. एका सकाळी भोंगा गाठायला जोरात पॅडल मारलं. दुपारी कारखान्यातच गेलं.

"सासूबाई म्हणाल्या, सायकलीने गेलं. मग सगळेच म्हणाले. सायकल देऊन टाकली. पुढे दोन बस बदलून जायचे, त्यांचा भरवसा नाही, म्हणून हे घड्याळ घेतलं. नंतर मुलगा झाला, सगळं झालं." मनगट एकदा उताणं, एकदा पालथं. "या डॉक्टरबाई शिकलेल्या आहेत. विचार ना."

मी परत आत गेले. बाकावर आठ गरोदर बायका नंबर लावून बसल्या होत्या आणि मी नंबर मोडून आत चालले होते. यापुढे वाघाच्या पिंजऱ्यात शिरणं मला मोठं वाटत नाही. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "सांगा त्यांना. सायकलने जात नाही. इतक्या सुरुवातीला जातं, ते बहुतेक वेळा गर्भाची जडणघडणच नीट झालेली नसते म्हणून. त्या घरी झोपून असत्या, तरी गेलं असतं. त्यांनी काहीही चूक केलेली नाही."

मी बाहेर येऊन अक्षर न् अक्षर सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच काही न वाढवता सांगितलं.

"बरं," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, आता रडतील, मिठी मारतील, निदान सुस्कारा तरी टाकतील. त्यांनी मनगट वळवलं. "एक तास दहा मिनिटं झाली. रिक्षा बघू."

दुसऱ्या दिवशी मी चालायला निघाले, तर ग्रिलमागून हाक. "अगं, काय म्हणाल्या होत्या गं त्या?"

"सायकलने जात नाही, काकू."

"झोपून असते तरी?"

"तरी."

"बरं."

तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी परत. मिनिटं पुकारायचं बंद झालं, आता हा प्रश्न सुरू झाला. दोन आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी हळूहळू पळायची परवानगी दिली. मी तेविसाच्या पाढ्यासकट टेकडी चढून, धापा टाकत यायचे आणि फाटकातच परीक्षा. "नक्की असंच म्हणाल्या का?" "जडणघडण म्हणाल्या की अजून काही?" पाचव्या महिन्यात मी पळणं सोडून नुसती चालायला लागले, कारण माझ्यापुढे पोट आधी वळण घ्यायचं. तरी प्रश्न चालू. मी चिडायचे. कुणाला एवढं मोठं ओझं उतरवून द्यावं आणि त्याने ते रोज सकाळी परत डोक्यावर घेऊन दारात उभं राहावं! मी त्यांना म्हटलं, डॉक्टरांकडे तुम्हीच चला. आल्या नाहीत. मी कागदावर लिहून दिलं. कागद त्यांनी घडी करून दिनदर्शिकेच्या मागे खोचला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय म्हणाल्या होत्या?"

सातव्या महिन्यात एकदा माझा तोल सुटला. पाय सुजलेले, रात्रभर झोप नाही. "काकू, शंभरदा सांगितलं! तुमचा विश्वासच नाही का बसत? मग मी सांगते कशाला?"

काकूंनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "बसतो गं. तू सांगतेस ना, तेव्हा अगदी खरं वाटतं." कप खाली ठेवला. "दुपारपर्यंत टिकतं."

मी ग्रिल धरून परत पहिल्यापासून सांगितलं, अगदी सावकाश.

नंतर मी चिडले नाही, असं सांगितलं तर खोटं होईल. चिडले. पण सांगत राहिले. आठव्या महिन्यात बाळंतपणाला नागपूरला निघाले, तेव्हा गाडीत बसायच्या आधी ग्रिलपाशी जाऊन तीनदा सांगितलं, पुढच्या दिवसांसाठीचं आगाऊ. काकूंनी डबा दिला. "मला काय करायचंय म्हणा, पण आईला सांग, पोरीला लवकर उठवत जा."

मुलगी झाली. तीन महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन पुण्यात परतले, तर ग्रिलला आतून पत्रा. नवरा म्हणाला, काकू घरात पडल्या, मुलगा हडपसरला घेऊन गेला. मला का नाही कळवलं? "तू बाळंतीण, कशाला काळजी." पुन्हा तेच! सांगायचं नाही, सांगायचं नाही! या माणसांनी न सांगून न सांगून एखादीचा सगळा जन्म गिळला, तरी यांची सवय जात नाही. मी मुलाचा नंबर मिळवला. पोरीला कडेवर घेऊन हडपसरला जायचा दिवस ठरवला. त्याच्या दोन दिवस आधी त्याचाच फोन आला, की आई सकाळीच गेली. झोपेतच.

सकाळी. मी अजूनही त्या एका शब्दावर चरफडते. त्या दिवशी त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता मुलगी चार वर्षांची आहे. तळमजल्यावर आयटीतल्या दोन मुली भाड्याने राहतात. पत्रा गेला, ग्रिल आहे, भिंतीवर फक्त खिळा आहे. मी परत पळते. सहा किलोमीटर, किती मिनिटांत ते मनगटावरचा पट्टा सांगतो. त्याला मी विचारत नाही. फाटकात शिरले, की ग्रिलपाशी थांबते, धाप आवरते आणि बोलून टाकते. "सायकलने जात नाही, काकू. झोपून असतात, तरी गेलं असतं."

परवा त्यांतली एक मुलगी तोंडात ब्रश घेऊन बाहेर आली. "ताई, रोज ऐकते मी. काय जात नाही?"

"तुला काय करायचंय म्हणा," मी म्हणाले.

ती हसत आत गेली. मी तिथेच उभी राहिले. ऊन अजून भिंतीवर उतरायचं होतं. म्हटलं, अजून एकदा सांगावं. आजची दुपार लांब आहे.